पदवीनंतरची पहिली

पदवीदानाला बोलावतात, पोरांना चार शब्द सांगा म्हणतात. मी माझ्या नापास होण्याचं सांगते.

बी.एस्सी.ला पहिला वर्ग मिळाला तेव्हा माझं नाक वर होतं. शिकले उदगीरला, मराठीतनं. गाव मात्र राजेश्वरजवळ, कर्नाटकात, आणि इथल्या सरकारी नोकरीला कन्नडचा लेखी पेपर. म्हणलं, त्यात काय? बाजारात, शेजारणीशी भांडताना जन्मभर कन्नडच बोलले की! बसची पाटी वाचता येते तेवढ्या अक्षरांवर गुलबर्ग्याला गेले. पेपर बघितला आणि घाम फुटला. सपशेल नापास!

अप्पा म्हणाले, "पुढच्या खेपंला बी न्हाई झालं, तर स्थळ बघतो."

आजोबांनी मेंढरं राखली, अप्पांनी शेत केलं. घरात पदवीधर मी पहिलीच. लग्नाला माझी ना नव्हती. पण हरून बोहल्यावर चढायचं? मेले तरी न्हाई!

दुसऱ्या दिवशी गावातल्या कन्नड शाळेत गेले आणि पहिलीच्या बाईंना म्हणलं, "मला बी बसू द्या." त्या हसल्या, पण बसू दिलं. शेजारी पुढचे दोन दात पडलेली एक पोरगी. माझी पाटी ओढून बघायची आणि ठणकावायची, "अक्का, तप्पु!" म्हणजे चूक, परत काढ. कान तापायचे माझे. तरी पुसून परत काढायचे.

गाव दात काढायलं होतं. "कामून गं, पदवी परत घेतली काय?" अप्पा तर शाळेपुढची वाट सोडून लांबच्या बोळानं शेताकडं जायचे. ते मात्र फार लागलं.

दुसऱ्या खेपेला पेपर लिहून उठले तेव्हाच वाटलं, जिंकले! पुढं निकालाच्या दिवशी एसटीडी बूथवरून गुलबर्ग्याच्या मैत्रिणीला फोन लावला. पास! बूथवाल्यासमोरच उडी मारली.

अप्पांनी भालकीहून पेढे आणले आणि थेट शाळेत शिरले. पहिला पेढा त्या पोरीच्या हातावर ठेवला. "माझी लेक पहिलीतनं पास झाली!" हे त्यांनी बाईंना इतक्या मोठ्यानं सांगितलं की सगळे वर्ग दारात आले.

पेढा तोंडात कोंबत पोरीनं विचारलं, "अक्का, आता दुसरीत येणार न्हाई?"

नोकरीचा कागद यायला अजून वेळ होता. सकाळी पाटी घेऊन निघाले. अप्पा शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला आले.