टोकनपुरतं अ‍ॅप

दादाजींचा फोन मी घेतला होता आणि त्यातला निरोप मनोहरला दिला नाही. हे आजवर मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

यवतमाळात माझं लहानसं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. दादाजी मारेगावकडच्या एका जिनिंगचे मालक. जिनिंग म्हणजे जिथे कापसातून सरकी वेगळी काढतात ती जागा. हंगामात फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागते, शेतकरी गाडीखालीच झोपतो. घरबसल्या मोबाइलवर नंबर लावता यावा, म्हणजे टोकन काढता यावं, आणि पाळी जवळ आली की निघावं, एवढीच दादाजींची कल्पना. साधी आणि कामाची होती. मी ती मनोहरकडे दिली. तो रोज कळंबहून एसटीने यायचा. पस्तिशीचा, कमी बोलणारा. ऑफिसात भरवशाचा प्रोग्रामर तो एकटाच.

बिघडवलं ते माझ्या तोंडाने. आमच्याकडे समोर चहाला बसलेल्या माणसाला नाही म्हणत नाहीत. दादाजी यायचे, रोजचा भावही दिसला तर बरं, म्हणायचे. मी म्हणायचो, होऊन जाते. वजनाची पावती? होऊन जाते. मग गाडीचा फोटो, हवामान, तक्रारीची सोय. काय करायचं आणि काय नाही याची जी हद्द आधी ठरवतात, तिला आमच्या धंद्यात स्कोप म्हणतात. दर चहाला मी ती सरकवत होतो. तारीख मात्र हलत नव्हती. कापूसखरेदी सुरू होताना वजनकाट्याची पूजा करतात, त्याच दिवशी पूर्ण अ‍ॅप सुरू होईल, असं मीच चारचौघांत बोलून बसलो होतो.

मनोहरने एकदा हटकलं. "सर, एखादं तरी कमी करा ना. नवं जोडलं का जुनं मोडून राह्यलं."

"हे शेवटचंच रे."

"मागच्या बारीलेही शेवटचंच होतं," तो म्हणाला आणि पुन्हा स्क्रीनकडे वळला.

काटापूजन जवळ आलं तेव्हा तो फोन आला. दादाजी म्हणाले, "सर, मले टोकन चाललं तरी पुष्कळ झालं. बाकीचं संक्रांतीनंतर द्या. परवा तुमचा मनोहर आलता, त्याचं तोंड पाह्यलं मी. बैलालेही असं जुंपत नाही आपण."

मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. मनोहर हाकेच्या अंतरावर बसला होता. सांगितलं तर तो ढिला पडेल, अशी मी मनाची समजूत घातली. खरं कारण वेगळं होतं. इतर जिनिंगवाल्यांना मी काटापूजनाची आमंत्रणं दिली होती आणि त्यांना मला सगळी बटणं असलेलं अ‍ॅप दाखवायचं होतं. पुढची कामं त्यातून मिळणार होती.

त्याच आठवड्यात मनोहरची बायको प्रणिता ऑफिसात आली. डबा तसाच परत येतो, घरी कोणाशी बोलत नाहीत, झोप तर नाहीच, असं सांगत होती. मग तिने सरळ विचारलं, "सर, यातून थोडी मोकळीक नाही का भेटत?"

"काटापूजनापर्यंत काही करता येत नाही, ताई," मी म्हणालो. दादाजींचा फोन येऊन गेल्यावर मी हे म्हणालो.

काटापूजनाला नारळ फुटला, पहिल्या गाडीला हार घातला. पहिलं टोकन मनोहरने काढून दाखवायचं होतं. तो मोबाइल हातात धरून उभा राहिला. स्वतःच बनवलेली स्क्रीन त्याला ओळखू येईना. मी हळूच म्हणालो, हिरवं बटण दाब. त्याने माझ्याकडे पाहिलं, बोलायला गेला, पण ओठ नुसतेच हलले. मग तो ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून खाली बसला. पाहुण्यांपैकी कोणीतरी म्हणालं, उपाशी असंल. दादाजींनी माझ्याकडे पाहिलं.

त्याला दवाखान्यात नेलं. तिथून तो घरी गेला, पण कामावर परत आला नाही. लॅपटॉप उघडायचा आणि तसाच मिटून ठेवायचा. अ‍ॅप आजही चालतं. लोक टोकन काढतात. हवामान, फोटो, तक्रार, ही बटणं कोणी दाबली नाहीत. पुढे दुसऱ्या माणसाकडून मी ती काढवून टाकली.

मागे कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेलो तेव्हा मनोहर भेटला. मेव्हण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो. खिळे तोलून देत होता. मला खुर्ची दिली, चहा सांगितला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "सर, तुमचं नाव खराब केलं मी. सगळ्यायले जमते, मलेच झेपलं नाही."

प्रणिता आतल्या दारात उभी होती. सांगायला त्याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. मी म्हणालो, "असं काही नाही रे," आणि चहा पिऊन उठलो.

अ‍ॅप पुरं करायचं असेल तर त्यात काय करायचं नाही ते आधी ठरवावं, आणि सवलत मिळाली तर ती काम करणाऱ्याच्या हातात द्यावी. नव्या मुलांना मी हे शिकवतो. ते ऐकून लिहून घेतात.

मनोहरला मात्र अजून वाटतं की तो कमी पडला. त्याला मोकळीक मिळाली होती आणि ती मी दाबून ठेवली, हे प्रणितासमोर त्याला सांगण्याचं देणं मी लागतो. ते अजून सांगितलेलं नाही.