नातवाच्या नावाचं सरकारी पत्र

नातवाचं सरकारी पत्र मी फाडलं. मला इंग्रजी वाचता येत नाही. चौथीनंतर शाळा सुटली. पण अमेरिकेत पार्सिपनीला मुलाकडे राहायला आल्यापासून टपाल मीच आत आणते. घरच्यांना ग्रीन कार्ड मिळून थोडेच दिवस झाले होते, नातू एकोणीस वर्षांचा होता. त्याच्या नावाच्या पत्रावर गरुडाचा शिक्का पाहिला आणि ते शेजारच्या गुजराती बेनना दाखवलं. त्या म्हणाल्या, "लड़कों को फौज में नाम लिखवाना है, मांजी."

आमचं गाव साताऱ्याकडचं. घरटी एक माणूस फौजेत. असं पत्र आलं की पोरगा चार दिवसांत ट्रंक घेऊन निघायचा. माझा धाकटा भाऊ तसाच गेला. परत नुसती ट्रंक आली. आईने ती वर्षभर उघडली नाही, मग तिच्यात ज्वारी भरली.

मी पत्राचे तुकडे बटाट्याच्या सालींबरोबर कचऱ्यात टाकले. कुणाला बोलले नाही. मुलाला सांगितलं असतं तर "आई, तसं काही नसतं" म्हणून त्याने फॉर्म भरून टाकला असता.

आणि खरंच तसं काही नव्हतं. नाव नुसतं नोंदवून ठेवतात, सध्या नेत कुणालाच नाहीत. पण ग्रीन कार्डवाल्या मुलांनाही ते सव्वीसच्या आत करावंच लागतं. हे मला कळलं नऊ वर्षांनी. नातू झाडांचं शिकला होता, त्याला सरकारी जंगलखात्यात नोकरी हवी होती. ती फक्त नागरिकांना मिळते, म्हणून त्याने नागरिकत्वाचा अर्ज केला. नोंदणी नसली की नागरिकत्व अडतं, आणि नोंदणीचं वय तर निघून गेलं होतं. वकीलबाई म्हणाल्या, त्याला माहीतच नव्हतं, हे पटवून द्या. नाहीतर एकतीस पूर्ण होईपर्यंत थांबा, मग ते आड येत नाही.

"पण आपल्याकडे पत्र कसं आलं नाही?" सून म्हणाली.

"आलं होतं. मी फाडलं."

"आई! अगं, सांगायचं तरी!" मुलगा ओरडला.

"सांगितलं असतं तर भरलं असतंस."

"हो, भरलंच असतं!"

"म्हणूनच नाही सांगितलं."

वकीलबाईंना मात्र हेच हवं होतं. त्यांनी माझा जबाब टाइप केला: पत्र आजीने नष्ट केलं, मुलाला काही कळू दिलं नाही. मी मराठीत सही केली. संध्याकाळी नातवाने तो कागद वाचला.

"आजी, हे खोटं आहे."

"खोटं कसं? मीच फाडलं ना."

"मी बघितलं होतं तुला. नंतर ट्रॅशमधून पीसेस काढून वाचले."

"मग भरलं का नाहीस, गाढवा?"

"तू दोन दिवस जेवली नव्हतीस. म्हटलं, नंतर करू. मग राहूनच गेलं."

मुलगा म्हणाला, "हे ऑफिसरसमोर बोलायची काही गरज नाही."

"ओथवर विचारतात, बाबा. शपथ घेऊन."

मी म्हणाले, "खोटं बोल. पाप माझ्या खाती." तो हसला. इंटरव्ह्यूला गेला आणि विचारल्यावर सगळं खरं सांगून आला. नकाराचं पत्र आलं. जंगलखात्यातली जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

"थ्री इयर्स, आजी. चलता है, यार."

"मी यार नाही, आजी आहे. आणि चालत नाही."

आता तो बापाच्या मित्राच्या कंपनीचं काम घरी बसून करतो, दिवसभर कॉम्प्युटरसमोर. सून माझ्याशी कामापुरतं बोलते. तिचं चुकत नाही. नातवाची माफी मागायला गेले की तो म्हणतो, "जाऊ दे ना, आजी." मी काही जाऊ देत नाही. त्याच्या शेजारी खुर्ची ओढते आणि काम संपेपर्यंत बसून राहते. त्याला ते आवडत नसावं. पण ऊठ म्हणत नाही.