घरी बसवलेली मतं

लोकांच्या दारात उभं राहून प्रश्न विचारायचे, हे तिचं बावीस वर्षांचं काम. साबण कोणता वापरता, टीव्हीवर काय बघता, दात दिवसातून किती वेळा घासता (इथे सगळेच धादांत खोटं बोलतात), आणि निवडणूक जवळ आली की मत कुणाला देणार. गल्लीतली माणसं तिला चौकशीबाई म्हणायची, तीही तोंडावर. तिला त्याचं काही वाटायचं नाही. तोंडावर दार आपटणारे, अंगावर कुत्रं सोडणारे, न्हाणीघरातून ओरडून उत्तरं देणारे, असे सगळे नमुने तिने पचवले होते.

तिची एक खोड होती. फॉर्मच्या तळाशी 'इतर' म्हणून दोन ओळींची मोकळी जागा असते. बाकीच्या बायका तिथे आडवी रेघ मारून मोकळ्या होतात. ही मात्र समोरचा बोलेल ते जसंच्या तसं उतरवून घ्यायची, शिव्यांसकट. आणि कोपऱ्यात पेन्सिलीने घराचा क्रमांक टाकायची, म्हणजे काही विचारायचं राहिलं तर परत जाता येतं. नाव-पत्ता घेतला जाणार नाही, असं फॉर्मवर ठळक छापलेलं असायचं आणि ती ते प्रत्येकाला वाचून दाखवायची. म्हणून फॉर्म जमा करायच्या आदल्या संध्याकाळी खोडरबर घेऊन बसायची आणि एकूण एक क्रमांक पुसून काढायची. बावीस वर्षांत एकही राहिला नव्हता.

या वेळी तिने पुसले नाहीत. मुद्दामच.

कारण होती तिची ताई. दोघी बहिणी एकत्र राहायच्या. ताईची मूत्रपिंडं निकामी झालेली, त्यामुळे सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. पूर्वी गल्लीच्या तोंडाशी दवाखान्याची बस यायची. ती दोन वर्षांपूर्वी सरकारने 'तात्पुरती' बंद केली, आणि तात्पुरती म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊकच आहे. आता मोठ्या रस्त्यापर्यंत वीस मिनिटं पायपीट, पुढे दोन गाड्या बदलायच्या. जाताना एक वेळ निभावायचं. परतीच्या वाटेवर मात्र ताईला फुटपाथच्या कडेला तीन-तीनदा बसावं लागायचं. एकदा ती तिथेच ओकली, तर चांगल्या कपड्यांतली माणसं नाकाला रुमाल लावून वळसा घालून गेली. ती बस परत सुरू व्हावी, एवढंच चौकशीबाईला हवं होतं. बाकी राजकारण गेलं चुलीत.

सरकारी पक्षाला आठ वर्षं झाली होती आणि लोकांना त्यांचा असा वीट आला होता की चौकातल्या फलकावर त्यांच्या उमेदवाराला कुणीतरी रोज नव्या मिशा काढायचं. अशात त्याच पक्षाने हे सर्वेक्षण काढलं. शेवटचा प्रश्न होता: सध्याच्या सरकारला पुन्हा निवडून यायचं असेल, तर त्यांनी काय करायला हवं?

प्रश्न वाचून तिला बरं वाटलं. हरायची वेळ आली म्हणून का होईना, मेल्यांना विचारावंसं तरी वाटलं! 

आणि लोक बोलले. धो धो बोलले. शिलाईवाली म्हणाली, "आधी आरशात बघा म्हणावं." निवृत्त बसचालक म्हणाला, "किल्ली तेवढी द्या, बस मी फुकट चालवतो." न्हावी कात्री थांबवून म्हणाला, "दवाखान्याची बस सुरू करा आणि महिनाभर तोंड उघडू नका. मत पक्कं." चारशे बारा घरांतल्या दोनशे एक्याण्णव घरांनी बसचं नाव काढलं. ताईचाही फॉर्म तिने भरला, नियमाने, स्वयंपाकघरात समोर बसून. ताई म्हणाली, "माझ्यात तीन दिवस दवाखान्यात जायची ताकद कशीबशी उरते. चौथ्या दिवशी या मेल्यांसाठी रांगेत कोण उभं राहील?"

तिने तेही शब्दन् शब्द उतरवलं. आणि त्या रात्री खोडरबर हातात घेऊन परत खाली ठेवलं. क्रमांक असू देत, तिने ठरवलं. कुठल्या गल्लीत, कुठल्या दारामागे बस हवी आहे, ते वरच्यांना डोळ्यांनी दिसू दे.

आठवड्याने तिला पक्षाच्या कचेरीत बोलावणं आलं. तिने इस्त्रीची साडी नेसली. ताई म्हणाली, "नीट बोल हं. घाबरू नकोस."

काचेचं लांब टेबल, बिस्किटांची बशी, आणि खोलीत गारवा असा की दात वाजावेत. टेबलाच्या एका टोकाला फलकावरचा तो मिशांचा उमेदवार. त्याने एका भरलेल्या फॉर्मचा कोपरा फाडून त्याची काडी केली होती आणि त्या काडीने दात कोरत होता. कोरून झालं की टोकाकडे बघायचा आणि त्याच फॉर्मला पुसायचा. शी! कुणाच्या तरी घरची तक्रार होती ती.

पक्षाचा सल्लागार तरुण होता, गोड बोलणारा. उठून उभा राहिला. "मॅडम, अहो काय काम केलंय तुम्ही! आणि ही घरांच्या क्रमांकांची कल्पना कुणाची?"

"माझीच," ती म्हणाली. आणि लाजली. बसायला सांगायच्या आतच तिने बसचं सांगायला सुरुवात केली. दोनशे एक्याण्णव घरं, दोन वर्षं, डायलिसिस, फुटपाथ, सगळं.

सल्लागाराने शांतपणे ऐकून घेतलं. "बस द्यायची नाहीये, मॅडम."

"पण लोकांना तेवढंच हवंय. तेवढं दिलंत तर मत देतील."

"तुम्हाला नक्की माहीत आहे, कुणाला देतील ते? बस सुरू झाली की माणसांना वाटतं, आपण बोललो म्हणून झालं. असं वाटणारी माणसं उठून मतदानाला येतात. आम्हाला आता कुणाला आवडायचं नाहीये. ती वेळ गेली. आमची शंभरातली तीस माणसं काहीही झालं तरी येतात. उरलेली घरी बसली की झालं." त्याने गठ्ठ्यावर हात थोपटला. "अशी कंटाळलेली घरं कोणती, तेच कळत नव्हतं. तुम्ही क्रमांकासकट दिलीत."

उमेदवार तोंडातून काडी काढून हसला. "मावशी, बिस्कीट घ्या."

तिने गठ्ठ्याकडे हात पुढे केला. "माझे फॉर्म परत द्या," ती म्हणाली, "क्रमांक पुसायचे राहिलेत."

"काळजी करू नका," सल्लागार म्हणाला, "सगळ्यांचे फोटो काढून झालेत."

ती घरी आली आणि तासभर हात धूत बसली. ताईला एवढंच सांगितलं, की बघतो म्हणालेत.

इकडे विरोधातून उभ्या राहिलेल्या मुख्याध्यापिकाबाईंनी कोपऱ्यावरच्या सभेत सांगितलं, पहिलं काम दवाखान्याची बस. ताई खिडकीतून ऐकत होती. "ही बाई बरी वाटते गं," ती म्हणाली. "मतदानाच्या रविवारी मला हात धरून ने. जाऊ हळूहळू."

मतदानाला आठ दिवस असताना दारात पत्रक पडलं. कुणाचं ते छापलेलं नव्हतं. वर 'एका त्रस्त नागरिकाचं मनोगत', आणि खाली: माझ्यात तीन दिवस दवाखान्यात जायची ताकद कशीबशी उरते. चौथ्या दिवशी या मेल्यांसाठी रांगेत कोण उभं राहील? शेवटी ठळक अक्षरात: सगळे सारखेच. मतदानाच्या दिवशी घरीच आराम करा.

ताईने मोठ्याने वाचलं आणि तिचा चेहरा खुलला. "अगं बघ! माझ्यासारखंच कुणीतरी आहे. अगदी मनातलं लिहिलंय. खरंच, कशाला जायचं मरायला?"

गप्प बसता आलं असतं. तिला नाही बसवलं. "ताई, हे तुझंच वाक्य आहे. मी लिहून घेतलेलं. घराचा क्रमांक मी पुसला नाही. मला वाटलं, बस देतील."

ताईने पत्रकाची घडी घातली. "मी माझ्या बहिणीशी बोलले होते," ती म्हणाली आणि आत जाऊन आडवी झाली.

मग चौकशीबाई पायात चपला सरकवून निघाली. रोज सकाळ-संध्याकाळ, तीच चारशे बारा घरं. पत्रक कुणी काढलं, ते शब्द त्यांच्याकडे कसे गेले, सगळं स्वतःच्या तोंडाने सांगायची. हात जोडून म्हणायची, मला काय शिव्या द्यायच्या त्या द्या, पण रविवारी जा. तिला वाटलं, खरं कळलं की लोक पेटून उठतील. कुठले उठतात! शिलाईवालीने सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं. बसचालक म्हणाला, "नाव-पत्ता घेत नाही म्हणून तुम्हीच वाचून दाखवलं होतं ना?" न्हावी तर सरळ बोलला, "बावीस वर्षं ओळखतो तुम्हाला. तुम्हीसुद्धा त्यातल्याच निघालात, तर ती मुख्याध्यापिका काय मोठी धुतल्या तांदळाची असणार? आता तर नाहीच जात." पाचव्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की पत्रकाने जी घरं बसवली नव्हती, त्यांनाही आता ती स्वतः घरी बसवत सुटली आहे, दारोदार, फुकटात. तिला स्वतःचीच शिसारी आली. सहाव्या दिवशी ती गेली नाही.

रविवारी ती एकटीच मत देऊन आली. केंद्रावरचे कर्मचारी जांभया देत होते. ताईने कूस बदलली नाही. सोमवारी निकाल लागला. शंभरातली अडतीस माणसं आली होती, त्यातली तीस त्यांची. उमेदवाराने गाडीवर उभं राहून लोकांच्या विश्वासाबद्दल आभार मानले. विश्वास म्हणे!

बुधवारी दवाखान्यातून परतताना ताईचे पाय लटपटायला लागले. ती फुटपाथच्या कडेला बसली. चेहरा पांढराफटक, ओठ कोरडे. चौकशीबाई तिच्यासमोर उकिडवी बसली, पाण्याची बाटली उघडून पुढे केली.

"ताई, काय होतंय? चक्कर येतेय का? सांग ना."

ताईने पाणी घेतलं, दोन घोट प्यायली आणि बाटलीचं झाकण स्वतःच लावलं.

"तुला कशाला सांगू?" ती म्हणाली.