मामाच्या बेंजोतलं लोहचुंबक

१९६४ साली मी चोवीस वर्षांचा होतो. बोरी अरब गावात सायकल दुरुस्तीचं दुकान होतं माझं, आणि मामाच्या गायन पार्टीत मी मामाचाच बेंजो वाजवायचो. शाळा चौथीपर्यंतच, पण हात लावलेली वस्तू चालू केल्याशिवाय मी कधी सोडली नाही, हे आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

धम्मदीक्षा घेतल्यापासून आमच्या वस्तीत जयंती जोरात व्हायची. मामाचं गाणं भोंग्यातून दूर जायचं, पण ढोलकी-पेटीपुढं माझा बेंजो कोणालाच ऐकू यायचा नाही. मामा म्हणाला, "भाचे, तुहे बोटं हालताना दिसते, वाजते काय ते समजत नाही. या जयंतीले ऐकू नाही आला, तं दारव्ह्याचा भोंग्याले जोडायचा मशीनवाला बेंजो आणतो."

"कायले आणता, मामा? मी बनवतो ना."

"बनव. पण माह्या बेंजोले भोक पाडशील तं याद राख!"

कबाड्याकडून टेलिफोनचा कानाला लावायचा तुकडा आणला. वरची पत्र्याची चकती काढून आतली तारेची गुंडाळी उघडी केली आणि बेंजोच्या पोलादी तारांखाली ट्यूबच्या रबरानं बांधली. भोंगेवाला शेजारीच राहायचा. त्याचं आवाज मोठा करायचं मशीन घरी आणून जोडलं. आवाज आला, पण मच्छर गुणगुणल्यासारखा. आतलं लोहचुंबक म्हातारं झालं होतं.

मग फुटक्या भोंग्यातलं मोठं चुंबक तिथं बसवलं. आवाज असा निघाला की गल्लीतली कुत्री भुंकली. मी खूश! पण घरी ठेवलेल्या पार्टीच्या पेटीशी सूर जुळेना. तारा पिळल्या, एक तुटली, नवी लावली, तरी तेच. मी म्हटलं, "पार्टीची पेटीच बेसूर आहे."

बायको तूर पाखडत होती. "पेटीले काहून बोल लावता? हे डबडं नव्हतं तवा बराबर वाजे."

"तुले काय समजते त्यातलं?"

"कान हायेत ना मले."

तिला खोटं पाडायलाच मी चुंबक काढलं. सूर सरळ. बसवलं, वाकडा. ते चुंबक तारांनाच ओढून धरत होतं, आणि मी जोर, जोर करत बसलो होतो.

मग स्वतःच्या सायकलच्या दिव्याचा डायनमो फोडला. त्यातलं चुंबक लहान, बेताच्या जोराचं. ते बसवून वाजवलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"आता?" मी विचारलं.

"आता वाजवा बिनधास्त."

जयंतीच्या संध्याकाळी पहिलं कडवं संपवून मामा थांबला आणि बेंजो एकटाच घुमला. पार लांबच्या बाभळीखाली उभी असलेली माणसं पुढं सरकली. इकडं रबर सुटत होतं. एका हाताच्या अंगठ्यानं डबडं दाबून मी गाणं निभावलं. मामानं ते पाहिलं.

स्टेजवरून खाली उतरल्यावर म्हणाला, "दारव्ह्याचा कायले पाह्यजे आता? पाड रे भोक."

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडायच्या आधीच, मी गिरमिट घेतलं आणि डबडं पक्कं बसवायला मामाच्या बेंजोला दोन भोकं पाडली.