आईच्या खुर्चीतले राजपुत्र

आमच्या आईचं पार्लर म्हणजे एक खुर्ची, एक आरसा आणि अर्ध्यावरच अडकणारं शटर. भुवया कोरताना बाकीच्या बायका धाग्याचं टोक दातात धरतात. आई ते मानेला बांधायची, कारण तोंड तिला गोष्टी सांगायला मोकळं लागायचं. गिऱ्हाइकं बहुतेक नववी-दहावीच्या मुली. डोळे मिटलेले, दोन्ही हातांनी कातडी ताणून धरलेली, उठून जायची सोय नाही. असा श्रोता मंत्र्यालाही मिळत नाही.

गोष्टी सगळ्यांच्या ओळखीच्या, शेवट मात्र आईचे. "राजकन्या शंभर वर्षं झोपलेली आणि कुणीतरी येऊन तिचा मुका घेतो. अशा माणसाला राजपुत्र म्हणत नाहीत बाळा, आरडाओरडा करून माणसं गोळा करतात." किंवा, "बेडकाचा राजपुत्र झालेला मी काही पाहिला नाही. राजपुत्राचा बेडूक झालेला पाहिलाय." मुली हसायच्या, की लगेच आई खेकसायची, "हलू नकोस, वाकडी होईल."

तो बेडूक म्हणजे आमचे बाबा. "महिन्याभरात बोलावून घेतो" असं सांगून गेले, त्याला नऊ वर्षं झाली होती. गल्लीतल्या पोरींना अक्कल वाटणारी आमची आई दर दोन महिन्यांनी त्यांचे शर्ट उन्हात घालायची आणि घडी करून पुन्हा कपाटात ठेवायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मी तेव्हा सोळाची. गावापासून तासाभरावरच्या पॉलिटेक्निकमध्ये, वसतिगृहासकट, माझा नंबर लागला होता. शुक्रवारी चारच्या आत जाऊन फोटो काढायचा, फॉर्मवर सही द्यायची, नाहीतर जागा पुढच्याला. पण एक मोटरसायकलवाला मला म्हणाला होता, "कशाला जातेस? दोन वर्षं थांब, मग आपलं बघू." मला ते इतकं गोड वाटलं, की मी न जायचं ठरवून टाकलं. शुक्रवारी सकाळी त्याला भेटायचं म्हणून गुरुवारी आईच्या खुर्चीत बसले.

आईला कुठून कळलं होतं कोण जाणे. तिने धागा ताणला. "एक राजकन्या होती. उंच बुरुजात राहायची. ती केस खाली सोडायची आणि तो केसांना धरून वर चढायचा. आता मी केसांच्या धंद्यातली. सत्तर किलोचा गडी लोंबकळल्यावर टाळूचं काय होतं, हे मला विचार. आणि त्या मठ्ठाला एकदाही शिडी आणावीशी वाटली नाही?"

"तू कुणाबद्दल बोलतेस ते कळतंय मला."

"मी राजकन्येबद्दल बोलतेय."

"मग झोपलेलीबद्दल बोल. नऊ वर्षं झाली तिला. बाबांचे शर्ट कुणासाठी वाळवतेस गं?"

आईचा हात सटकला. मी डोळे उघडले तर आरशात माझी उजवी भुवई अर्ध्यावरच संपलेली. आईने धागा गुंडाळून ठेवला. तिला तसं बोलल्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगते, मला भुवईचंच वाटलं.

सकाळी मोटरसायकलवाला मला बघून पोट धरधरून हसला. वर म्हणाला, "ही उगवेपर्यंत माझ्या मित्रांसमोर नको हं येऊस." मला दोन वर्षं थांब म्हणणाऱ्याला चार आठवडे दम निघत नव्हता.

रडत घरी आले. आता मला जायचं होतं, पण हे तोंड घेऊन नाही. तो फोटो ओळखपत्रावर तीन वर्षं राहणार. आईने पेन्सिलीने भुवई काढून दिली, ती रडण्याने गालावर उतरली. दोन वाजून गेले. "जाऊ दे ती जागा," मी म्हणाले.

"चूक माझी," आई म्हणाली. "तू खोटं बोलली असतीस तर हात सटकला नसता." मग ती स्वतः खुर्चीत बसली, धागा घेतला आणि आरशात बघून स्वतःची उजवी भुवई अर्धी उडवली. "चल, ऊठ. हसतील ते दोघींना हसतील."

पॉलिटेक्निकच्या ऑफिसातल्या कारकुनाने आधी मला पाहिलं, मग तिला. "घराण्यातच आहे का हे?"

"हो. मुलीला आईकडून येतं," आई म्हणाली. त्याने निमूट फोटो काढला आणि फॉर्म पुढे सरकवला.

"इथे वडिलांची सही. कुठे असतात ते?"

आजवर माझ्या शाळेच्या प्रत्येक कागदावर आईने त्या जागी "बाहेरगावी" असं लिहिलं होतं. तिने पेन उचललं आणि नुसतीच उभी राहिली. मला वाटलं, आता संपलं. चार वाजायला दहा मिनिटं होती.

"सोडून गेलेत," आई म्हणाली. "नऊ वर्षं झाली. माझी सही चालेल?"

"चालते की," कारकून पुढचा कागद शोधत म्हणाला. "आईची नेहमीच चालते."

आईने सही केली. बाहेर आल्यावर ती फाटकाशी थांबली. "नेहमीच चालत होती म्हणे," असं दोनदा म्हणाली आणि भर रस्त्यात, अर्ध्या भुवईनिशी, हमसून हमसून रडली.