सोमवारचं न्हाणं

मेक्सिकोत जाऊन बायकोपुढे गप्प बसलेला बदलापूरचा मी पहिलाच असेन. लोक तिकडे समुद्रकिनाऱ्यासाठी जातात. मी एका खोल कुंडाच्या काठावर, मांडीवर तीन माणसांच्या पिशव्या घेऊन बसलो होतो.

आधीचं सांगतो. मुलगा टेक्सासात असतो. त्याला मुलगी झाली म्हणून आम्ही दोघं गेलो. जाताना माझ्या पंच्याऐंशी वर्षांच्या आईला बहिणीच्या हवाली केलं. बहीण कुळगावातच, आमच्यापासून दोन गल्ल्यांवर. दोन महिने म्हणून हो म्हणाली आणि सहाव्या आठवड्यापासून फोनवर आजच्या तारखेची आठवण करून द्यायला लागली. परतीची तिकिटं दोघांची, पुढच्याच आठवड्यातली. इकडे सूनबाईंची रजा संपत आलेली. नातीला कोण बघणार, हा प्रश्न घरात जेवणाच्या टेबलावर रोज वाढला जायचा आणि कुणी हात न लावता तसाच उचलला जायचा.

मी उत्तर तयार ठेवलं होतं. दोघं आलो, दोघं जाऊ. तिकडे आईला बघायला ही हवीच. ही म्हणजे माझी बायको. तिला काय वाटतं हे मी विचारलं नव्हतं, कारण मला ते माहीत होतं. लग्नाला एकतीस वर्षं झाल्यावर माणसाला बायकोचं सगळंच माहीत असतं, असं मी त्या सोमवारी दुपारपर्यंत धरून चाललो होतो.

मुलानं कँकूनला चार दिवसांची सहल काढली. सूनबाई आणि नात हॉटेलवर थांबणार आणि आम्ही तिघं एक दिवस माया लोकांचं जुनं शहर बघायला जाणार. आदल्या संध्याकाळी तो म्हणाला, "उद्या फिरून येऊ बाबा, मग निवांत बोलू." मुलगा निवांत बोलू म्हणाला की बापानं सावध व्हावं. मी सावध झालो आणि मनात उत्तराला इस्त्री करत झोपलो.

सकाळी बस आली. गाइड साठीचा, ठेंगणा, रापलेला. अंबरनाथला बुवापाड्याच्या रिक्षा स्टँडवर उभा केला असता तर त्याच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघितलं नसतं. मी वाढलो बुवापाड्यात, म्हणून खात्रीनं सांगतो. माइक हातात घेऊन तो म्हणाला, लोक मला विचारतात, माया लोक गेले कुठे? अहो, कुठे जाणार, मी आज सकाळी आईशी मायातच भांडून आलोय. बस हसली. ही पण हसली. मी भाषांतर करून सांगायच्या आधीच हसली, हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

मग त्यानं एकेकाला विचारलं, कुठून आलात, काय करता. मी सांगितलं, मुंबई. बदलापूरचा माणूस कल्याण ओलांडलं की मुंबईचा होतो. केमिकल कंपनीत होतो, आता रिटायर्ड. त्यानं माइक हिच्यापुढे धरला. मी तो माझ्याकडे वळवून म्हणालो, ती हाउसवाइफ, तिला इंग्लिश येत नाही, तिला बस लागते, पण ती खूश आहे. चारही गोष्टी मी एका दमात सांगून टाकल्या. हिनं खिडकीकडे तोंड केलं.

ते शहर खरंच बघण्यासारखं आहे. मधोमध चौकोनी पायऱ्यांचा दगडी डोंगर, आजूबाजूला खांबांच्या रांगा, आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना लाकडी मुखवटे विकणारे. ते "जवळजवळ फुकट" असं ओरडत होते. भाव ऐकला तर उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या माझ्या नेहमीच्या दुकानदारानं त्यांच्याकडे शिकवणी लावली असती. गाइडनं सगळ्यांना टाळी वाजवायला लावली. टाळी वाजवली की वरून पाखरू ओरडल्यासारखा आवाज परत येतो. सगळ्यांच्या टाळ्यांना पाखरू ओरडलं. मी जरा उशिरा, एकट्यानं वाजवली, तेव्हा कुणाचं तरी लहान मूल तेवढं रडलं.

मला राहवेना. मी गाइडला म्हटलं, आमच्या अंबरनाथलाही असंच आहे. हजार वर्षांचं शंकराचं देऊळ, भिंतभर कोरीवकाम, आणि गाभाऱ्यात जायला खाली पायऱ्या उतराव्या लागतात. मुलगा म्हणाला, "बाबा, प्लीज." कारण ह्या दोन महिन्यांत टेक्सासातल्या दोन चर्चेसमध्ये आणि एका कोर्टाच्या इमारतीतही मी हे सांगितलं होतं. पण गाइडला खराच रस वाटला. त्यानं विचारलं, देवळाजवळ पाणी आहे का? म्हटलं, आहे, नदी आहे लागूनच. लोक तिच्यात उतरतात का? मी म्हटलं, आधी उतरायचे. तेवढ्यावर मी पुढे चालायला लागलो. त्या नदीला रोज वेगळा रंग यायचा त्या दिवसांत मी कंपनीत शिफ्ट इन्चार्ज होतो, हे काही परक्या माणसाला सांगायची गोष्ट नव्हती.

दुपारी बसनं आम्हाला पोहायच्या कुंडावर नेलं. तिकडे जमिनीचं छप्परच कोसळून अशी गोल कुंडं तयार झालेली आहेत. सेनोते म्हणतात. लाकडी जिन्यानं खूप खाली उतरायचं. वरून झाडांच्या मुळ्या दोरखंडासारख्या पाण्यापर्यंत लोंबतात, आणि पाणी असं निळं की डोळ्यांवर विश्वास बसत नाही. मी उल्हास नदीत पोहायला शिकलो आहे, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. बस सुटल्यापासून मी हे तिघांना सांगितलं होतं, चौथा झोपला होता. पण तिथे लाइफ जॅकेट घातल्याशिवाय पाण्यात सोडत नव्हते. मी म्हटलं, मला गरज नाही. काठावरचा माणूस म्हणाला, सगळ्यांना आहे. मी म्हटलं, मग मला पोहायचंच नाही. आणि खरंच बसलो, बाकावर, रुसून. अठ्ठावन्नाव्या वर्षी.

हीही बाकावर बसेल असं मी धरलं होतं. तर ही जिन्याकडे निघालेली. जिन्याच्या तोंडाशी उघड्यावर शॉवर होते. अंगाला तेल, क्रीम काही असेल तर ते धुऊनच पाण्यात जायचं, माशांना त्रास होतो. तिथल्या बाईनं हिच्या डोक्याकडे बोट दाखवलं. आदल्या दिवशी रविवार, हिच्या केसांना खोबरेल तेल चोपडलेलं. धुवा, असं ती खुणेनं म्हणाली.

मी बाकावरून उठून धावलो. आमच्या घरात मुलाच्या आईनं सोमवारी डोक्यावरून न्हायचं नाही. मुलाला जड जातं. नियम माझ्या आईचा, तिच्या सासूकडून आलेला. आई सोमवारी न्हाणीघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसायची, म्हणजे ही नुसतं अंगावर पाणी घेते की डोक्यावर, ते आवाजावरून कळायचं. मुलगा झाल्यापासून हिचा एक सोमवार चुकला नव्हता. बाळंतपणात नाही, तापात नाही, होळीचा रंग केसांत घेऊनही नाही.

मी गाइडला इंग्रजीत म्हणालो की माझी बायको आज केस धुऊ शकत नाही. आज सोमवार आहे.

तो म्हणाला, सोमवारी बंद असतं का?

मी समजावलं, मुलगा असला की सोमवारी आईनं केस धुवायचे नाहीत, मुलाला काहीतरी होतं. गाइडनं मुलाकडे बघितलं. मुलगा सहा फुटी, चड्डीवर उभा राहून वेफर्स खात होता.

"बाबा, मला काही होत नाही," तो म्हणाला.

हिनं चष्मा काढून माझ्या हातात दिला, केसांतला चाप काढून दिला, आणि शॉवरखाली जाऊन उभी राहिली. मी हळू आवाजात म्हणालो, "अगं, आईला कळलं तर?"

"तुम्ही सांगणार आहात का?" पाण्याच्या आतून आवाज आला.

मग ती केशरी जॅकेट घालून जिना उतरली. वरून मला तिचे पिकलेले केस दिसत होते, मोकळे सोडलेले. तिला पोहता येत नाही. मुलगा शेजारी होता, पण तिनं त्याचा हात धरला नाही. दोरी धरून हळूहळू मधे गेली, दोरी सोडली आणि पाठीवर पडून राहिली. वर आभाळाचा गोल तुकडा होता. ती त्याच्याकडे बघत होती, आणि मी तिचा चष्मा धरून बसलो होतो. किती वेळ ते माहीत नाही. गाइडनं तीनदा शिट्टी वाजवली तेव्हा ती बाहेर आली.

माझ्या शेजारी बसून केस पुसता पुसता म्हणाली, "अहो, मी राहते इथे."

मला कळलं होतं. तरी मी म्हटलं, "कुठे, ह्या कुंडात?"

"ह्याच्याकडे. तुम्ही पुढे व्हा. वन्संनी तरी आईंना किती दिवस बघायचं."

"तुला त्यानं विचारलं?"

"विचारलं. आपण बदलापुराहून निघायच्या आधीच."

म्हणजे बॅगा भरत असताना. बॅगांचं वजन करत असताना. दोन महिने माझ्या शेजारी बसून जेवताना. मी विचारलं, मला का नाही सांगितलं.

"तुम्ही मलाच न विचारता त्याला नाही म्हणून मोकळे झाला असतात."

ह्यावर मी वाईट बोललो. म्हटलं, सासूला ह्या वयात टाकून इथे राहिलीस, तर लोक काय म्हणतील. एकतीस वर्षांची पुण्याई एका दिवसात धुतलीस.

ती केस पुसायची थांबली. आवाज अजिबात चढवला नाही. "टाकून कसं? त्यांना मुलगा आहे ना. त्यांनीही तुमच्यासाठी सोमवार पाळलेत."

मुलगा पाच पावलांवर उभा होता. त्याला सगळं ऐकू गेलं. तो पाण्यातले मासे बघत राहिला, जसा मी आयुष्यभर अशा वेळी छताचा पंखा बघत आलो. निवांत बोलणं हे असं झालं. माझं इस्त्री केलेलं उत्तर तसंच घडीत राहिलं.

परतीच्या बसमध्ये गाइडनं सगळ्यांना विचारलं, काय आवडलं. माइक आमच्यापाशी आला. ह्या वेळी मी हात पुढे केला नाही. ही म्हणाली, "वॉटर." मग थोडं थांबून, "व्हेरी कोल्ड. व्हेरी गुड." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

पुढच्या आठवड्यात मी एकटा बदलापूरला आलो आणि आईला आणायला बहिणीकडे गेलो. आईनं माझ्यामागे जिन्याकडे बघितलं. "ती कुठंय?"

"तिला तिकीट नाही मिळालं."

"तुला मिळालं आणि तिला नाही?" आई म्हणाली. घरी आणल्यावर माझ्या हातचा चहा पिऊन म्हणाली, ह्याच्यात पाणी जास्त पडलंय की दूधच कमी आहे, ते एकदा ठरव.

मग माझी सुरुवात झाली. आईच्या गोळ्या, कवळी, मऊ भात, तिला धरून न्हाणीघरात नेणं, ती मला पाठ चोळू देईना ते, आणि मी डोळे मिटून चोळली तेव्हा तिचं रडणं. आम्ही दोघंही त्या दिवशी जेवलो नाही. मला सकाळचं वर्तमानपत्र संध्याकाळी वाचायला मिळायचं. ह्या घरात सकाळी इतकी कामं असतात हे मला एकतीस वर्षं त्याच वर्तमानपत्राआड बसून दिसलं नव्हतं.

ही बरीच वर्षं म्हणायची, सकाळच्या दोन तासांपुरती एखादी बाई लावू या आईंसाठी. मी म्हणायचो, आईला बाहेरच्या बाईचा हात चालणार नाही. विषय संपायचा. आता मी स्वतः आल्यापासून नवव्या दिवशी बुवापाड्यातल्या जुन्या शेजाऱ्याला फोन केला आणि त्याच्या ओळखीची एक बाई अंबरनाथहून यायला लागली. मला धाकधूक होती. आईनं तिला पहिल्याच दिवशी स्वतःच्या माहेरचं सगळं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी तिची वाट बघत दाराशी बसली. म्हणाली, हात हलका आहे हो हिचा.

आईला कधीच अडचण नव्हती. मी तिला विचारलंच नव्हतं. तिच्याही वतीनं मीच नाही म्हणत होतो.

हे मी हिला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. सांगायला नको होतं, पण दुसरं सांगायचं होतं काय. हिनं नातीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, "नऊ दिवस." आणि नातीला पडद्यापुढे धरून स्वतः बाजूला झाली. मी नातीला माऊ करून दाखवली, कुत्रा करून दाखवला. ती जांभई द्यायला लागली.

हिची अमेरिकेत राहायची मुदत संपत आली तशी मुलानं ती वाढवून घेतली. मला त्यानं फोन करून कळवलं. त्याच्या आवाजात विचारल्यासारखं काही नव्हतं, आणि मीही बरं म्हणालो. बहीण अधूनमधून येऊन विचारते, वहिनी कधी येणार. आधी मी लगेच एखादा महिना ठोकून द्यायचो. आता सांगतो, तिलाच फोन लाव आणि विचार.