खिडकीतलं पोळं

रॉकेलच्या धुराचा वास आला की माझं डोकं आजही तापतं. मी शाळेत असताना यशवंतपूरच्या आमच्या मराठी मंडळाने निबंधस्पर्धा ठेवली होती. विषय होता 'मधमाश्या वाचवा'. वरच्या सभागृहाच्या खिडकीत पोळं होतं, म्हणून स्पर्धेच्याच सकाळी चिटणीस काकांनी ते रॉकेलच्या पलित्याने जाळायला घेतलं. "काका, स्पर्धा खाली घ्या ना!" मी ओरडले. "अगं, बॅनर वर लागलाय. स्वल्प, थोडं समजून घे." मेलेल्या माश्या झाडून आम्हाला तिथेच बसवलं. मी घडलं तेच लिहिलं. 'विषय सोडून' असा शेरा मारून परीक्षकांनी निबंध बाद केला. गेल्या रविवारी तोच निबंध मी पत्रक म्हणून छापून मंडळाच्या दारात वाटला. काकांनी चष्मा लावून पूर्ण वाचला. "छान लिहिलंयस गं," ते म्हणाले, "आमच्या स्पर्धेला द्यायचास की!"